सेट नंतर घ्या: ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये ड्रम्स शिकणाऱ्यांसाठी

ठाण्यात ड्रम्स शिकायचं मनावर घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठला सेट घेऊ?" सेट घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न येतो, पण तो विचारतात खालच्या मजल्यावरच्या काकू. म्हणून मी क्रम उलटा सांगतो. निदान पहिले सहा महिने सेट घेऊच नका.

मी स्वतः पथकातून आलो. गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी सराव, आधी कमरेला ढोल, दोन वर्षांनी गळ्यात ताशा. काड्या हातात बसल्या, आता ड्रम्स काय, येतीलच, असं वाटायचं. आले नाहीत. ताशाने मनगट दिलं हे खरं, पण एक वाईट सवयही दिली. चाळीस-पन्नास ढोल एकदम वाजत असताना माझा ठोका पुढेमागे झाला तर तो कुणाला कळत नव्हता, मलाही नाही. ड्रम्सवर तुम्ही एकटे असता आणि बाकीचे सगळे तुमच्यावर विसंबून असतात. ड्रमर चांगला की वाईट हे त्याच्या हातांच्या वेगावरून ठरत नाही, दोन ठोक्यांमधली जागा तो किती सारखी राखतो यावरून ठरतं. पुढे जे सांगतोय ते सगळं त्या जागेसाठी आहे.

आधी एवढंच घ्या

काड्यांची एक जोडी, रबरी प्रॅक्टिस पॅड आणि फोनवर फुकट मिळणारं मेट्रोनोम, म्हणजे ठरवलेल्या वेगाने टकटक करत राहणारं ॲप.

काड्यांवर आकडा आणि अक्षर छापलेलं असतं. नवशिक्याने ५ए घ्यावी. जाडी साधारण साडेचौदा मिलिमीटर, लांबी १६ इंच. लहान मुलांना किंवा बारीक मनगटाच्यांना ७ए बरी पडते. २बी जाडजूड असते, ती मिरवायला छान वाटते आणि आठवड्याभरात कोपर दुखायला लागतं. लाकूड हिकरीचं असावं. दुकानात जोडी बंद पाकिटातून उचलून पैसे देऊ नका. प्रत्येक काडी काउंटरवर लोळवून बघा. वाकडी असेल तर डुगडुगत जाते. मग दोन्ही काड्या एकेक करून काउंटरवर आपटून सूर ऐका. एक 'टक' आणि दुसरी 'टुक' म्हणत असेल तर दोघींचं वजन वेगळं आहे, ती जोडी परत ठेवा. ठाण्यात दुकानं आहेत, तरी एखाद्या शनिवारी धोबी तलावच्या फर्टाडोसमध्ये जाऊन या. १८६५पासूनचं दुकान आहे, आणि तिथे चार प्रकारच्या काड्या हातात घेऊन बघता येतात.

पॅडऐवजी उशी चालेल का, असं सगळे विचारतात. उशीवरून काडी उसळत नाही, त्यामुळे दर वेळी ती मनगटाने उचलावी लागते. व्यायाम म्हणून रोज पाच मिनिटं उत्तम, पण सगळा सराव उशीवर केलात तर उसळी वापरायला कधीच शिकणार नाही.

काडी धरणं

यात घाई करणाऱ्यांचे पुढे हाल होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

काडीच्या जाड टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर तिचा तोल असतो. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत तिथे काडी धरा, बाकीची बोटं सैल सोडा आणि काडी पॅडवर पडू द्या. ती आपली आपण किती वेळा उसळते ते मोजा. आता चिमटी अर्धा सेंटीमीटर पुढे घ्या, मग मागे घ्या. जिथे सर्वांत जास्त उसळ्या मिळतील ती तुमची जागा. पेन्सिलीने खूण करून ठेवा.

पकड किती घट्ट? रिकाम्या बादलीची कडी बोटांत असते तेवढी. सुटत नाही, पण झुलायला मोकळी असते. विरार फास्टमध्ये दांडी धरतो तशी काडी धरली की उसळी तळहातातच मरते आणि पुढचा ठोका तुम्हाला ताकद लावून काढावा लागतो. पथकातून आलेल्यांचं हे हमखास होतं, कारण ढोलाच्या टिपरूला जोर लागतो आणि तीच मूठ इकडे येते.

चिमटीजवळ फोड येणं चालतं. पण मनगटाच्या आतून कोपराकडे कळ जात असेल तर त्या दिवशी थांबा. दुखणं सोसून वाजवलं की हात तयार होतात असं म्हणणारे ज्येष्ठ प्रत्येक मंडळात असतात. त्यांना नमस्कार करा आणि ऐकू नका.

आरशासमोर बसा. दोन्ही काड्या सारख्याच उंचीवरून खाली येतायत का? नवशिक्याची डावी काडी बहुतेक वेळा अर्ध्याच उंचीवर जाते, म्हणून डावा ठोका हळू ऐकू येतो. मग तो डाव्या हाताला जास्त जोर लावतो आणि लय बिघडवतो. जोर लावू नका, उंची सारखी करा.

उ आणि डा

ड्रम्सची बाराखडी म्हणजे रुडिमेंट्स, उजव्या-डाव्या ठोक्यांच्या ठरलेल्या रचना. अमेरिकेत १९३३मध्ये ड्रमवादकांच्या एका संघटनेने सुरुवातीला अशा १३ निवडल्या. आज जगभर जी यादी वापरतात ती १९८४ची, तिच्यात ४० आहेत. चाळीस बघून घाबरू नका. पहिल्या सहा महिन्यांत चारच करा.

सिंगल स्ट्रोक म्हणजे उ डा उ डा. डबल म्हणजे उ उ डा डा. पॅराडिडल म्हणजे उ डा उ उ, डा उ डा डा. आणि फ्लॅम, म्हणजे एका हाताचा हलका ठोका आणि त्याला जवळजवळ चिकटून दुसऱ्या हाताचा मोठा. ताशा वाजवलेल्यांना फ्लॅम पहिल्या दिवशी येतो, त्यात आपण भाग्यवान.

डबलमध्ये दुसरा ठोका नेहमी पडका निघतो. पहिला मनगटाने, दुसरा बोटांनी आत ओढून, असं मुद्दाम हळू करा.

हळू म्हणजे किती? मेट्रोनोम ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोके. दर ठोक्यात चार नोट्स. इतकं हळू वाजवायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. पण १४० वर दोन ठोक्यांमधली जागा इतकी छोटी असते की त्यातली चूक कानाला सापडतच नाही. ६० वर ती उघडी पडते. पाच मिनिटं एकही ठोका न घसरता गेली तरच ६४. घसरलं तर परत ६०. मी वहीत तारीख आणि आकडा लिहायचो. तीन आठवडे '७२' या आकड्यावरच अडकलो होतो, ती पानं अजून आहेत.

आधी तोंडाने

तबल्याच्या क्लासला गेलेल्यांना पढंत माहीत असते. बोल आधी तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी द्यायची, वाजवायचं नंतर. ड्रम्स शिकवणाऱ्या परदेशी व्हिडिओंमध्ये इंग्रजीत आकडे मोजतात, आपल्याकडे त्याहून सोपी सोय तयार आहे.

मेट्रोनोम ६० वर लावा. एका ठोक्यात एक बोल म्हणा, 'ता'. चार ठोके झाले की एका ठोक्यात दोन, 'तक'. मग तीन, 'तकिट'. मग चार, 'तकधिमि'. मग उलटं खाली या. पायाने ठोका धरा. तोंडाला नीट आलं की तेच पॅडवर.

तकवरून तकिटवर जाताना पहिल्यांदा सगळे अडखळतात आणि तकिटवरून तकधिमिवर जाताना दुसऱ्यांदा. कारण हात आपसूक आधीचाच वेग थोडा वाढवतात, नवा भागाकार करत नाहीत. शिवाय तकिटमध्ये पहिला ठोका एकदा उजव्या हाताला येतो, एकदा डाव्याला, आणि डाव्या हाताला सम घ्यायची सवय नसते. हा एक व्यायाम रोज दहा मिनिटं केलात तर महिन्याभरात फरक कळेल. मला कुणी एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन.

ठाणे-वाशी गाडीत बसायला जागा मिळाली की मांडीवर बोटांनी पॅराडिडल चालू ठेवा. शेजारचा वैतागला तर बूट आहेतच, पायाच्या बोटांनी बुटातल्या बुटात वाजवा.

लय पळते ती कुठे

सोसायटीच्या गणेशोत्सवात माझा पहिला कार्यक्रम झाला. गाणं सुरू केलं तेव्हा १०० च्या आसपास होतं. मित्राने केलेलं रेकॉर्डिंग नंतर मेट्रोनोम लावून तपासलं तर शेवटचं कडवं ११८ वर. गायिकेला श्वास घ्यायला जागा राहिली नव्हती. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "तुला आठ दोनची फास्ट पकडायची होती का रे?"

रेकॉर्डिंग परत परत ऐकल्यावर कळलं की लय सगळीकडे पळत नव्हती. ठेका ठीक चालला होता. ओळ संपून दुसरी सुरू होताना ड्रमर जो तुकडा वाजवतो, ज्याला फिल म्हणतात, तिथे दर वेळी गाडी चार पावलं पुढे जात होती. फिल आला की छाती धडधडते, हात धावतात आणि सम लवकर येते. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. तीन आवर्तनं साधा ठेका, चौथ्यात फिल, परत तीन साधी, मेट्रोनोमची क्लिक चालू ठेवून. फिल वाजवताना तो तोंडाने म्हणत राहायचं. जो फिल म्हणता येत नाही तो स्टेजवर वाजवायचा नाही.

क्लिकवर बसायला लागलात की क्लिक कमी करा. आधी दर ठोक्याला असते, मग फक्त दुसऱ्या आणि चौथ्यावर ठेवा, मग आवर्तनात एकदाच. मधली जागा तुम्हाला स्वतःला भरावी लागते. मेट्रोनोमचं पेटंट १८१५चं आहे, दोनशे वर्षांत त्याला कुणी वशिल्याने पटवलेलं नाही.

सेटवर बसायची वेळ

दोन-तीन महिने पॅड झाला की तासावर मिळणारी जॅम रूम, म्हणजे सेट मांडलेली सरावाची खोली, शोधा. ठाण्यात आणि नवी मुंबईत दोन्हीकडे मिळतात, आणि कामाच्या दिवशी दुपारी स्वस्त पडतात. काड्या स्वतःच्या न्या.

पहिली दहा मिनिटं वाजवू नका, बैठक लावा. स्टूल इतकं उंच हवं की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील. स्नेअर, म्हणजे समोरचा चपटा ड्रम, मांडीपेक्षा जरा वर. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि बास ड्रमच्या पेडलपर्यंत पाय वाकडा न करता पोचला पाहिजे. आधीचा माणूस सहा फुटी असेल आणि तुम्ही त्याच्याच बैठकीवर तासभर वाजवलंत तर पाठ दुसऱ्या दिवशी सांगेल.

पहिला ठेका असा. हाय-हॅटवर आठ ठोके सारखे. पायाचा बास ड्रम पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्यावर. आधी हाय-हॅट आणि स्नेअर, मग हाय-हॅट आणि पाय, मग तिन्ही. हात-पाय एकमेकांचं ऐकायला लागतात, म्हणजे पाय पडला की डावा हातही पडतो. हे सगळ्यांचं होतं. वेग निम्मा करा. आणि आवाजाचा तोल बघा. नवशिक्या हाय-हॅट झोडतो आणि स्नेअर गोंजारतो. ऐकणाऱ्याला याच्या उलट हवं असतं.

इतकं आलं की आपली गाणी लावून वाजवा. इंग्रजी रॉकवर हात छान बसतो, पण सहाच्या घरातली चाल शिकायची तर कोळीगीतासारखा मास्तर नाही. हाय-हॅटवर सहा, पाय एकवर, स्नेअर चारवर. नवी मुंबईतल्या एखाद्या आगरी-कोळी गावात हळदीला जायचा योग आला तर बेंजो पार्टीच्या ऑक्टोपॅडवाल्याच्या (ऑक्टोपॅड म्हणजे काड्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) बाजूला उभे राहा. तीन तास तो लय हलू देत नाही, आणि समोर दोनशे माणसं नाचत असतात. जुन्या हिंदी गाण्यांत ढोलकीचा तो लाडका ठेका ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते दत्ताराम वाडकर शंकर-जयकिशनचे सहायक होते. तो ठेका सेटवर आणायचा प्रयत्न करा, पायाला 'गे', म्हणजे घुमणारा खर्जातला बोल, कुठे आहे ते शोधायला लागेल. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांतले ड्रम्स ऐकायचे तर फ्रँको वाझ हे नाव लक्षात ठेवा.

मोठ्या कार्यक्रमांना जाल तेव्हा गायकाकडे बघू नका. १५ डिसेंबर २०१९ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू हा बँड आला होता, जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्ले. दोन्ही बँडचे ड्रमर बघा, लॅरी मलन आणि विल चॅम्पियन. एवढ्या मोठ्या मैदानाला पुरेल असं वाजवताना दोघेही किती कमी ठोके मारतात! तेवढे पैसे नसतील तर गडकरी रंगायतनला नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात तबलजींचा डावा हात बघत बसा. गायक लांबण लावतो तेव्हा ते काय वाजवत नाहीत, ते ऐका.

आवाज, शेजारी, कान

कायदा सरळ आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबल ही मर्यादा. खोलीत वाजवलेला साधा ड्रम सेट १०० च्या पुढे सहज जातो. म्हणजे घोडबंदर रोडच्या दोन बीएचकेत खरा सेट वाजवणं हा विषयच नाही.

मग लोक इलेक्ट्रॉनिक सेट आणतात, हेडफोन लावतात आणि समजतात की सुटलो. मीही समजलो होतो. दुसऱ्याच आठवड्यात इंटरकॉम वाजला. "तुमच्याकडे मसाला कुटताय का?" जाळीच्या पॅडवर हात वाजतात ते खरंच हळू असतात, पण पायाच्या पेडलचा धक्का फरशीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून खालच्यांच्या झोपेत जातो. गादी, चटई, जुना गालिचा, काहीही पुरत नाही. त्याला उपाय टेनिस बॉलचा. प्लायवुडचे दोन तुकडे घ्यायचे, सेट मावेल एवढे. खालच्या तुकड्यात बॉल अर्धवट बसेल अशी भोकं सुताराकडून पाडून घ्यायची, बॉल ठेवायचे, वर दुसरा तुकडा. वजन जिथे जास्त, म्हणजे स्टूल आणि पेडलखाली, तिथे बॉल जास्त. धक्का बराचसा बॉल खातात. पण प्लायवुडच्या आधी पेढे. खाली जाऊन सांगा की संध्याकाळी ६ ते ७ वाजवणार आहे, त्रास झाला तर लगेच फोन करा. दुपारी दोन ते चार चुकूनही नाही. आधी सांगितलेला आवाज माणसं सोसतात, न सांगितलेल्याची तक्रार सेक्रेटरीकडे जाते.

शेजाऱ्यांइतकेच स्वतःचे कान. अमेरिकेच्या निऑश या संस्थेचा हिशोब असा की ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. जॅम रूममध्ये तुम्ही तासभर असता. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, ते घ्या. कापसाचे बोळे नकोत. पथकात कानात काही घालणं कमीपणाचं मानायचे. त्या वर्षांचा गुंजारव माझ्या डाव्या कानात अजून आहे.

शिक्षक आणि परीक्षा

यूट्यूबवर सगळं आहे, फक्त तुमची मूठ बघणारं कुणी नाही. म्हणून पहिले तीन-चार महिने तरी माणूस हवा. एका तासातला पाऊण तास स्वतःच वाजवून दाखवणारे सर असतील तर दुसरे शोधा. ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या ब्रिटिश संस्थांच्या ड्रम्सच्या परीक्षा आपल्याकडे देता येतात, पायऱ्या १ ते ८. मुलांना शिस्त लागते, नोटेशन वाचता येतं, चांगलं आहे. पण पाचवी पायरी झालेला मुलगा साध्या भावगीताला बसवला आणि गोंधळला, असंही मी पाहिलंय, कारण तो कधी कुणाबरोबर वाजवतच नव्हता. चौथ्या महिन्यापासून एखादा गिटारवाला नाहीतर बास गिटारवाला पकडा. बासवाला जास्त उपयोगी, तुमचा पाय आणि त्याची तार एकत्र पडायला लागली की बाकीचं गाणं आपोआप उभं राहतं.

आठवड्यातून एकदा फोनवर स्वतःला रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका.

आता सेट

सहा महिने झाले, वहीतला आकडा वर गेला, तरी हौस टिकून आहे? मग जुना सेट बघा. झांजांच्या कडांवर बोट फिरवून तडा आहे का तपासा. बारीक तडाही वाढतच जातो. प्रत्येक ड्रमचा स्क्रू किल्लीने फिरवून बघा. खाडीच्या आणि पावसाळ्याच्या हवेत क्रोम गंजतो, स्क्रू अडकतात. पानं, म्हणजे ड्रमवर ताणलेले पडदे, नवीन घालायची तयारी ठेवा. ती प्लास्टिकची असतात, जुन्या कातडी पानासारखी पावसात सैल पडत नाहीत, पण मार खाऊन मरतात. पान चढवताना स्क्रू क्रमाने गोल फिरत आवळायचे नाहीत, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा.

बास ड्रम २२ इंची मिळाला तरी फ्लॅटसाठी २० इंची शोधा. आणि टेम्पो बोलवायच्या आधी लिफ्टचं दार मोजा. माझा सेट सातव्या मजल्यावर जिन्याने चढला, आणि तो उचलून देणाऱ्या तिघांना मी अजून जेवण देणं लागतो.